वहीच्या मधोमध एक रेघ: भूशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र शिकायला निघालेल्यांसाठी

पहिल्या फील्डहून, म्हणजे डोंगरातल्या अभ्यासफेरीहून, परतताना माझ्या वहीत चार थांब्यांसमोर एकच शब्द लिहिलेला होता: बेसॉल्ट. लाव्हा थिजून झालेला आपला काळा दगड. सरांनी पानं उलटली आणि म्हणाले, "हे तर घरी बसूनही लिहिता आलं असतं. महाराष्ट्रात कुठल्याही दगडाला डोळे मिटून बेसॉल्ट म्हण, पाचांतल्या चार वेळा बरोबरच येईल. तू पाहिलंस काय, ते सांग." मला सांगता येईना. काळा होता, एवढंच आठवत होतं. त्यात भोकं होती का, भोकांत पांढरं काही भरलं होतं का, हातोडी मारल्यावर खणखणीत वाजला की भद्द, यातलं एकही उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मग त्यांनी प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ मारायला लावली. डावीकडे दिसलं ते, उजवीकडे वाटलं ते. "डावी बाजू भरल्याशिवाय उजवीकडे पेन न्यायचं नाही." या विषयात मी पुढे जे काही शिकलो, ते या रेघेच्या आधारानं शिकलो. म्हणून पुढचं सगळं वाचताना ती रेघ डोळ्यांसमोर असू द्या.

आधी नावांचा घोळ मिटवा

पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला सगळ्याच शाखांना पर्यावरण अभ्यासाचा एक सक्तीचा पेपर असतो. तो म्हणजे पर्यावरणशास्त्र नव्हे. त्या पेपरात चांगले गुण पडले म्हणून एमएस्सीला आलेली आणि टायट्रेशन, म्हणजे द्रावण थेंबाथेंबानं मिसळून करायचं मोजमाप, बघून गांगरलेली मुलं दर वर्षी भेटतात.

ढोबळ फरक असा. भूशास्त्रात तुम्ही खडक, खनिजं, जीवाश्म, भूजल, भूकंप, खाणी यांच्या मागे असता. काळाचं माप लाख आणि कोटी वर्षांचं. पर्यावरणशास्त्रात हवा, पाणी, माती, कचरा, जैवविविधता आणि कायदा. काळाचं माप आजचा तास, हा हंगाम, फार तर गेली पन्नास वर्षं. पहिल्यात पाय दुखतात, दुसऱ्यात पिपेट धरून बोटं. भूगोल हा तिसरा विषय आणि जिओइन्फॉर्मॅटिक्स, म्हणजे संगणकावरचे नकाशे आणि उपग्रहचित्रं, हे साधन, तेही आता स्वतंत्र पदवी म्हणून मिळतं. चारही ठिकाणी नकाशे असतात, त्यामुळे बाहेरून सगळं सारखंच दिसतं.

पदवीच्या नावाकडे मात्र काटेकोरपणे बघा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या कंबाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षेत भूवैज्ञानिक पदासाठी कोणत्या पदव्युत्तर पदव्या चालतात याची यादी जाहिरातीतच छापलेली असते. भूशास्त्र, उपयोजित भूशास्त्र, सागरी भूशास्त्र अशी नावं त्यात आहेत. नुसती पर्यावरणशास्त्राची एमएस्सी तिथे चालत नाही. हे एमएस्सी संपल्यावर कळलेल्या एका मैत्रिणीचं तोंड मला अजून आठवतं. तेव्हा जुनी जाहिरात आयोगाच्या संकेतस्थळावरून आजच उतरवून घ्या आणि प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी वाचा.

कुठे शिकायचं

बारावीनंतर थेट भूशास्त्र घेता येईल अशी महाविद्यालयं आपल्याकडे मोजकीच. पुण्यात फर्ग्युसन, मुंबईत सेंट झेवियर्स, अमरावतीत शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था, गोव्यात मिरामारचं धेंपे आणि मडगावचं चौगुले. एमएस्सीसाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, नागपूर विद्यापीठ, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ, सोलापूर, गोवा विद्यापीठ. जळगावच्या विद्यापीठात पर्यावरण आणि भूविज्ञान एकाच छताखाली आहेत. पर्यावरणशास्त्राचे विभाग जास्त: पुणे विद्यापीठ, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, पुण्यातलीच भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था. पर्यावरणशास्त्राच्या एमएस्सीला बहुतेक ठिकाणी कुठल्याही विज्ञान शाखेचा पदवीधर चालतो. आयआयटी मुंबईत उपयोजित भूशास्त्र आणि उपयोजित भूभौतिकी अशा दोन एमएस्सी आहेत आणि त्यांची वाट जॅम या प्रवेशपरीक्षेतून जाते. आयसर पुण्यात पृथ्वी आणि हवामान विज्ञानाचा विभाग आहे.

कॉलेज निवडताना इमारतीकडे बघू नका. विभागात जाऊन, शक्य असेल तर शिपाईकाकांनाच विचारा: वर्षातून फील्डला किती दिवस नेतात, आणि सूक्ष्मदर्शकं किती जणांत एक? फील्डचे दिवस कमी असतील तर बाकीचं कितीही चकचकीत असो, दुसरं कॉलेज बघा. फील्डचा खर्च कोण करतं हेही तेव्हाच विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी प्रवास आणि राहण्याचे पैसे मुलांनाच भरावे लागतात आणि ते फीच्या पावतीत दिसत नाहीत.

पिशवीत काय हवं

एक हातोडी, पण हार्डवेअरच्या दुकानातली खिळे ठोकायची नव्हे. तिचं पोलाद ठिसूळ असतं, कपचा उडून डोळ्यात जातो. भूशास्त्राची हातोडी एका बाजूला चौकोनी, दुसऱ्या बाजूला टोकदार किंवा छिन्नीसारखी असते. दहा पट मोठं दाखवणारं भिंग, दोरी बांधून गळ्यात. भिंग डोळ्याला अगदी चिकटवून धरायचं आणि दगड जवळ आणायचा. नवखी मुलं उलटं करतात, भिंग दगडावर धरून लांबून वाकून बघतात आणि म्हणतात काही दिसत नाही. शिवाय प्लास्टिकचा गॉगल, मार्कर, जाड प्लास्टिकच्या पिशव्या, जुनं वर्तमानपत्र. होकायंत्र आणि उतार मोजायचा क्लिनोमीटर विभाग देतो. ब्रंटन कंपास, ज्यात ही दोन्ही एकत्र असतात, महाग असतो, पहिल्या वर्षी विकत घेऊ नका.

आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची थेंबाथेंबानं टाकता येणारी छोटी बाटली. ती वहीच्या कप्प्यात ठेवायची नाही. माझ्या एका अख्ख्या सहलीची नोंद अशी गेली आहे. पानांना भोकं पडली आणि उरलेल्या शाईचा रंग उडाला. तेव्हापासून मी पेन्सिलीनंच लिहितो. पावसातही ती पसरत नाही.

पहिलं फील्ड: लांबून जवळ या

नवखा माणूस दगडाजवळ धावतो आणि हातोडी मारतो. उलट करा. आधी पन्नास पावलं मागं जा. घाटात रस्त्यासाठी कापलेली डोंगराची कड समोर असेल तर तिचं चित्र काढा. चित्रकला येत नसली तरी काढा. थर किती, आडवे की कललेले, एकाचा रंग दुसऱ्यापेक्षा वेगळा कुठे होतो, झाडं कुठल्या रेषेवर उगवली आहेत, पाणी कुठून झिरपतंय. बाजूला माणूस उभा करा म्हणजे माप कळेल. उत्तर दिशा टाका. मग जवळ जा, हात लावा, भिंगातून बघा आणि सगळ्यात शेवटी, गरज असेल तर, फोडा. ताजा तुकडा हवाच, कारण उन्हापावसानं वरची कातडी बदललेली असते. पण किल्ल्याच्या तटबंदीवर, लेण्यांत, कोकणातल्या कातळशिल्पांजवळ आणि लोणारच्या काठावर हातोडी पिशवीतच राहील. लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आहे आणि उल्का आदळून बेसॉल्टमध्ये तयार झालेल्या विवरांची जगात फार थोडी उदाहरणं आहेत. तिथला प्रत्येक खडा सगळ्यांचा आहे.

आता आपल्या काळ्या दगडाविषयी थोडं सविस्तर, कारण तुमचे पहिले दोन-तीन महिने त्यातच जाणार. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला आणि थरांवर थर साचले. आज उरलेला विस्तारच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतो. हेच दख्खनचे ट्रॅप. पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून ते नाव आलं, आणि सह्याद्रीकडे संध्याकाळच्या उन्हात बघितलं की ते नाव का दिलं ते सांगावं लागत नाही.

या थरांत दोन प्रकार ओळखायला शिका. एक भरीव, घट्ट, उभ्या भेगांचा. दुसरा भोकाभोकांचा, जिथे लाव्हातले वायूचे बुडबुडे गोठले आणि मागाहून त्या पोकळ्यांत पांढरी-हिरवी खनिजं भरली. विहिरी खणणाऱ्यांना हे केव्हापासून माहीत आहे. ते पहिल्याला काळा पाषाण म्हणतात, दुसऱ्या मऊ खडकाला पुणे-नगरकडे मांजऱ्या म्हणतात, वर कुजलेला भाग तो मुरूम, आणि दोन थरांच्या मध्ये कधी लाल मातीचा पट्टा लागतो तो गेरूसारखा. तो लाल पट्टा म्हणजे बोल. दोन लाव्हांच्या मधल्या काळात उघड्या पडलेल्या पृष्ठभागाची खूण. भरीव पाषाणात पाणी फक्त भेगांत सापडतं, मुरमात आणि झिजलेल्या मांजऱ्यात ते मुरतं. हातावर नारळ धरून फिरणाऱ्या पाणाड्यावर हसण्याआधी त्याला विचारा, या गावात मांजऱ्या किती हातांवर लागतो. त्याला ते बरेचदा ठाऊक असतं. नारळ उजव्या रकान्यात लिहा, हातांचा आकडा डाव्या.

पोकळीतलं पांढरं खनिज कोणतं, हे सोडवायला पुस्तक लागत नाही. आम्लाचा थेंब टाका: फसफसलं तर कॅल्साइट. फसफसलं नाही पण काचेवर ओरखडा पडला तर क्वार्ट्झच्या कुळातलं, म्हणजे आपली गारगोटी. दोन्ही नाही आणि दाणे पिसासारखे, सुयांसारखे किंवा मोत्यासारखे चमकणारे असतील तर बहुधा झिओलाइट. वाघोलीच्या खाणींत निळंभोर कॅव्हन्साइट मिळालं आणि त्यासाठी जगभरचे संग्राहक पुण्याचं नाव घेतात. सिन्नरला गारगोटी नावाचं खनिजांचं संग्रहालय आहे. एकदा जाऊन या, म्हणजे आपल्या पायाखालच्या भोकांत काय दडलंय ते कळेल.

दुसऱ्या वर्षी तुम्हाला या लाव्हाथरांचे गट पाठ करायला लावतील. घाबरू नका, ती नावं बस स्थानकांच्या पाट्यांवर असतात: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, खालून वर या क्रमानं. पोलादपूरहून आंबेनळी घाटानं महाबळेश्वरला जाणारी एसटी पकडलीत तर शेवटचे तीन गट तुम्ही तिकिटाच्या पैशांत चढून जाता. उजव्या हाताची खिडकी की डाव्या, यावर आमच्यात भांडणं व्हायची. महाबळेश्वर-पाचगणीच्या सपाटीवर पोचलात की वर जांभा लागतो. तोच रत्नागिरीत घरांच्या भिंतींत, ओला असताना करवत लागू शकेल इतका मऊ आणि वाऱ्यावर सुकल्यावर टणक.

स्ट्राइक आणि डिप, म्हणजे मराठी पुस्तकांतले नतिलंब आणि नती (थर कुठल्या दिशेला पसरलाय आणि किती कललाय), यांचा सराव मात्र बेसॉल्टवर नीट होत नाही, कारण थर जवळजवळ आडवेच. त्याऐवजी भेगा आणि डाइक मोजा. डाइक म्हणजे थरांना छेदून भिंतीसारखा उभा गोठलेला शिलारस. होकायंत्र वाचताना हातोडी लांब ठेवा आणि मोबाइलही. मी एकदा अख्खी दुपार तीस अंशांनी चुकलो, कारण बकलाचा पट्टा घातला होता.

मुलींसाठी, आणि मुलांनीही वाचावं असं: फील्डच्या आदल्या दिवशी शिक्षकांना स्पष्ट विचारा, थांबायच्या जागा कोणत्या आणि स्वच्छतागृह कुठे. विचारायचा संकोच वाटतो म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत आणि मे महिन्यात त्यातून उष्माघाताची वेळ येते. चांगला विभाग ही यादी मागण्याआधीच देतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट, जाड तळव्याचे बूट, टोपी. कुणाच्याही शेतात शिरताना हाक मारून परवानगी. "दगड बघायला आलोय" म्हटलं की आधी हसतात, मग चहा देतात.

प्रयोगशाळेत डोळ्यांना वेळ द्या

पहिल्या वर्षी खनिजांचे तुकडे ओळखायचे असतात: रंग, चकाकी, कस, भंग, कठीणपणा. रंगावर भरवसा ठेवू नका, तो सगळ्यात जास्त फसवतो. कस म्हणजे चिनी मातीच्या खडबडीत फरशीवर घासून उमटणारा रंग. काळंकुळकुळीत हेमाटाइट लाल रेघ सोडतं आणि विषय मिटतो. कठीणपणासाठी नख सुमारे २.५, काच सुमारे ५.५, क्वार्ट्झ ७, एवढे तीन आकडे पुरतात.

मग ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक येतो. खडक घासून ०.०३ मिलिमीटर जाडीचा केला की काळा बेसॉल्टसुद्धा काचेसारखा पारदर्शक होतो. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना एकच दिसतं: रंगीबेरंगी गोंधळ. स्लाइड बदलत बसू नका. एकाच स्लाइडवर एक तास बसा, मंच फिरवा, एकच दाणा निवडा आणि तो किती अंशांना काळा पडतो ते लिहा. प्लॅजिओक्लेज या बेसॉल्टमधल्या खनिजाचे काळे-पांढरे पट्टे एकदा दिसले की आयुष्यभर दिसतात. आमच्या वेळी स्लाइडची चित्रं काढताना मुलं पुस्तकातलं चित्र उतरवायची आणि परीक्षकाला ते लगेच कळायचं, कारण पुस्तकातल्या दाण्यांना कधी ओरखडे नसतात.

पर्यावरणशास्त्र घेतलंत तर

तुमचा दगड म्हणजे पाण्याचा नमुना. तो घेण्याची पद्धत चुकली तर पुढची लाखाची यंत्रं निरुपयोगी. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, काठावरचं साचलेलं घेऊ नका, बोअरवेलचं असेल तर आधी काही मिनिटं उपसू द्या. तापमान, पीएच आणि विद्युतवाहकता जागेवरच मोजा, कारण प्रयोगशाळेत पोचेपर्यंत ती बदलतात. बाटलीवर जागा, वेळ, तारीख, कोणी घेतला, आणि हे झाकणावर नव्हे तर अंगावर लिहा. झाकणं अदलाबदल होतात. नमुने बर्फाच्या पेटीत.

जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन), आपल्याकडे २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवून काढतात. जुन्या पुस्तकांत २० अंशांना पाच दिवस असं दिसेल. दोन्ही पद्धतींचे आकडे एका तक्त्यात टाकू नका. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक १०५०० जवळ ठेवा: एकूण विद्राव्य घन पदार्थ ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत, नायट्रेट ४५, फ्लोराइड १.०, पर्याय नसल्यास १.५. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत फ्लोराइड याच्या वर जातं आणि ते येतं खडकातून. कारखाना शोधत बसलात तर सापडणार नाही. दोन विषय असे विहिरीच्या तळाशी भेटतात. म्हणून पर्यावरणवाल्यांनी भूशास्त्राचा एक पेपर घ्यावा आणि भूशास्त्रवाल्यांनी एक सत्र तरी टायट्रेशन करावं, असं माझं आग्रहाचं मत आहे.

कायद्याचा अभ्यास वर्गात कंटाळवाणा होतो, कारण तो कलमं पाठ करून शिकवतात: पाणी कायदा १९७४, हवा कायदा १९८१, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६. त्यापेक्षा एक काम करा. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय परिणामांचा अहवाल करावा लागतो. ज्या प्रकल्पांना जनसुनावणी लागते, त्यांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो आणि सुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी निघते. सुनावणी घेण्याचं काम प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असतं. आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या प्रकल्पाचा मराठी सारांश मिळवा, वहीत रेघ मारा आणि वाचा. डावीकडे मोजलेलं काय, उजवीकडे "परिणाम नगण्य राहील" असं नुसतं म्हटलेलं काय. नमुने कोणत्या हंगामात घेतले ते पाहा. पावसाळ्यात नदीतलं प्रदूषण पातळ होऊन कमीच दिसणार. मग सुनावणीला जाऊन मागच्या खुर्चीवर बसा. शेतकरी, कंपनीचा सल्लागार आणि अधिकारी एकाच नदीविषयी तीन भाषांत बोलताना ऐकू येतात. दोन वर्षांच्या एमएस्सीत मला यापेक्षा जास्त शिकवणारी दुपार मिळाली नाही.

काळ्या दगडाबाहेर पडा

महाराष्ट्रात शिकण्याचा एक तोटा आहे: दोन वर्षं एकाच खडकावर निघून जाऊ शकतात. मुलाखतीत ग्रॅनाइट आणि नाइस (दाब-उष्णतेनं बदललेला पट्टेदार खडक) यांच्यातला फरक विचारला की आपली मुलं पुस्तक बोलतात, कारण डोंगर पाहिलेलाच नसतो. हे स्वतः भरून काढा. नागपूर-भंडाऱ्याकडे मनसर, डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी आणि त्यांच्या भोवतीचे रूपांतरित खडक. चंद्रपूरला वर्धा खोऱ्यातला गोंडवाना कोळसा. त्याच जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरचे अवशेष मिळालेले लॅमेटा थर. गडचिरोलीत सिरोंचाजवळ वडधमचं जीवाश्म उद्यान. दक्षिणेला सिंधुदुर्गात बेसॉल्टखालचे जुने खडक वर आलेले दिसतात, रेडीला लोहखनिज, आणि पुढे गोवा. गोव्यात गेलात तर दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोचं ध्रुवीय संशोधन केंद्र बाहेरून तरी बघून या; अंटार्क्टिकाच्या भारतीय मोहिमा तिथूनच आखल्या जातात.

आणि ज्या घटनांनी इथल्या माणसांची घरं गेली, त्या जागा सहल म्हणून बघू नका. कोयना, ११ डिसेंबर १९६७. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३. माळीणची दरड, ३० जुलै २०१४. कोयनेचा भूकंप धरणाच्या जलाशयाशी जोडला गेला आणि त्यावर अजून काम चालू आहे. त्या भागात ३ किलोमीटर खोल भोक पाडून खडकाचा अभ्यास झाला आणि कराडला त्यासाठी प्रयोगशाळा उभी राहिली. किल्लारीनं दख्खनचं पठार अढळ आहे हा समज मोडला. माळीणला गेलात तर उतार, मातीची जाडी, पाणी वाहण्याच्या वाटा लिहा. गावातल्या माणसाला "तेव्हा काय वाटलं" असं विचारू नका. तो स्वतःहून बोलला तर पेन खाली ठेवून ऐका.

संगणक, गणित वगैरे

क्यूजीआयएस ही नकाशे करायची संगणकप्रणाली फुकट आहे, पहिल्याच सुट्टीत शिका. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश पोर्टलवर भूशास्त्रीय नकाशे मिळतात, इस्रोच्या भुवनवर उपग्रहचित्रं. सर्व्हे ऑफ इंडियाचा टोपोशीट, म्हणजे उंचसखलपणा दाखवणारा नकाशा, वाचता आला पाहिजे. पुणे ४७ एफ क्रमांकाच्या शीटमध्ये येतं, तुमचं गाव कशात येतं ते शोधण्यापासून सुरुवात करा. गणिताला घाबरून या विषयाकडे आला असाल तर भूभौतिकी आणि भूजलात ते पुन्हा भेटेल, पण लॉग, त्रिकोणमिती आणि थोडी सांख्यिकी एवढ्यावर बराच प्रवास होतो.

परीक्षा आणि पोटापाण्याचं

"दगड फोडून काय मिळणार?" हा प्रश्न आमच्या आजोबांनी विचारला होता, आणि त्यांनी स्वतः तरुणपणी विहिरीवर सुरुंग लावायचं काम केलेलं होतं. त्यांना दिलेलं उत्तर थोडक्यात इथे देतो.

सरकारी वाट: आधी सांगितलेली जिओ-सायंटिस्ट परीक्षा पूर्व, मुख्य आणि मुलाखत अशी तीन टप्प्यांत होते, तिच्यातून १८५१ साली सुरू झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आणि केंद्रीय भूजल मंडळात जागा मिळतात. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, तिचं जिल्ह्याचं कार्यालय वरिष्ठ भूवैज्ञानिकाच्या हाताखाली चालतं. नागपूरला भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय आहे. नागपूरलाच भारतीय खाण ब्युरो, मॉइल ही मँगनीजची सरकारी कंपनी, वेस्टर्न कोलफील्ड्स आणि नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था यांची मुख्यालयं, त्यामुळे इंटर्नशिपसाठी विदर्भातल्या मुलांना पुणेकरांपेक्षा जवळची दारं आहेत, हे त्यांना कुणी सांगत नाही. संशोधनासाठी सीएसआयआर नेट, पर्यावरणवाल्यांसाठी यूजीसी नेट. गेटमध्ये भूशास्त्राचा पेपर जुना आहे, पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचा २०२१ पासून आला.

खासगी वाट जास्त रुंद आहे, पण सुरुवातीचा पगार ऐकून नाराज होऊ नका. बोगदे, धरणं, मेट्रो, सिमेंट, खाणी, पर्यावरण सल्लागार कंपन्या. बोगद्याच्या कामावर पहिलं काम मिळतं ते बहुधा कोअर लॉगिंगचं: ड्रिलिंग करून काढलेले खडकाचे दंडगोल पेटीत मांडलेले असतात आणि तुम्ही उन्हात बसून त्यांचे तुकडे मोजता. दहा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांची बेरीज, भागिले एकूण लांबी, म्हणजे आरक्यूडी, खडकाच्या दर्जाची टक्केवारी. ड्रिलिंग करताना तुटलेला तुकडा आणि मुळातच भेग असलेला तुकडा वेगळा ओळखावा लागतो. ताजी तुटकी कड खडबडीत आणि स्वच्छ, जुन्या भेगेवर माती किंवा गंज. एका साइटवर मला "आकडा थोडा चांगला दिसू दे" असं सांगण्यात आलं होतं. मी लॉगशीटच्या मधोमध रेघ मारली, डावीकडे तुकड्यांच्या लांब्या एकेक करून लिहिल्या आणि सही केली. आकडा कुणी बदलला असता तर बेरीज जुळली नसती. तो बदलला गेला नाही.

प्रवेश अजून झाला नसेल तरी येत्या रविवारी सुरुवात करता येईल. गावात किंवा शहराच्या कडेला कुठेतरी विहीर नाही तर इमारतीचा पाया खणला जात असेल. मुकादमाला विचारून काठावर, कठड्यामागे उभे राहा. खाली उतरू नका. वरून खाली थर मोजा: काळी माती किती फूट, मुरूम किती, मांजऱ्या लागला का, पाणी कुठून झिरपतंय. चित्र काढा, बाजूला फावडं दाखवा मापासाठी, तारीख टाका. खणणाऱ्याला विचारा, तो या थराला काय म्हणतो, आणि तो शब्द जसाच्या तसा लिहा. डावीकडे.